जुळलेला ताळा

विभागप्रमुख बापूसाहेबांनी गणिताचे दोन्ही तक्ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि गाडीच्या दांडीच्या आतल्या कोपऱ्यातल्या ताणाच्या आकड्यावर बोट टेकवलं. विनताच्या तक्त्यात ३८६. नीलकंठच्या तक्त्यातही ३८६.

"कच्च्या कागदावर काय आहे, विनताताई?"

विनताने कच्चा कागद उलगडून पाहिला. ६८३! पक्कं उतरवताना आकडे उलटे पडले होते. आठ दिवस तिने दांडीच्या छेदावर बारीक चौकटींची जाळी आखून प्रत्येक बिंदूचा आकडा शेजारच्या चार बिंदूंवरून पुन्हा पुन्हा काढला होता, आकडे हलायचे थांबेपर्यंत. त्यात कुठे चुकलं, तर पुढच्या फेऱ्यांत आपोआप निस्तरतं. नक्कल करताना चुकलेलं कोण निस्तरणार?

म्हणून तर जबलपूरच्या त्या लष्करी गाड्यांच्या कारखान्यात रीत होती. पीळ पडणाऱ्या प्रत्येक दांडीचं गणित दोघांनी करायचं, एकमेकांचं न बघता. ताळा जुळला तरच दांडी चाचणीला जायची. पासष्टची लढाई पेटलेली, वरून रोज गाड्यांसाठी तगादा, तरी ही रीत कुणी मोडली नव्हती. हीच दांडी काल चाचणीत तुटली. जवळ उभा असलेला फिटर शालिग्राम आज सकाळी दवाखान्यात वारला.

"दोन माणसं अगदी एकसारखी चुकत नसतात," बापूसाहेब म्हणाले. "कोणी कोणाचं उतरवलं?"

नीलकंठ पुढे झाला. "मी, साहेब. ताई जेवायला गेल्या होत्या, तेव्हा चोरून..."

खोटं! चक्क खोटं. त्या दिवशी त्याची बायको बाळंतपणात अडली होती, बिचाऱ्याला समोरचा आकडा दिसत नव्हता. विनतानेच आपला तक्ता त्याच्यापुढे सरकवला होता. "उतरव अन् पळ घरी, भैया," असं म्हणाली होती. आता नुसती गप्प बसली असती, तरी तिची नोकरी वाचली असती. घरात मिळवती ती एकटी. वडिलांना दिसत नाही, पाठीवर दोन बहिणी. मोह झाला हो तिला, का नाही होणार?

"काहून खोटं बोलून राहिला?" ती एकदम नीलकंठला म्हणाली. मग बापूसाहेबांकडे वळली. "साहेब, तक्ता मीच दिला. चुकीचा आकडाही माझाच."

बापूसाहेबांनी तक्ते दुमडले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"घमापूरला शालिग्रामच्या घरी जाऊन आलो," ते म्हणाले. "त्याच्यासोबत काम करणारे तिथेच बसले होते. काल त्याला मागे सरक म्हणून सांगितलं होतं त्यांनी. तर हसला म्हणे." त्यांनी दुमडलेले तक्ते पुन्हा टेबलावर ठेवले. "म्हणाला, 'अरे भैया, दो लोगों ने अलग-अलग हिसाब लगाया है. डर काहे का?'"