बारा नंबरची किल्ली

नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरबाईंनी भिंतीला टेकवलेलं बोट वर धरलं. बोटाला ओला पांढरा रंग लागला होता.

"हे कधी रंगवलं, मिसेस होल्डन?"

"काल रात्री," ब्रेंडा म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून."

घरी कोणी यायचं म्हटलं की दाराबाहेरची पायरीसुद्धा घासून काढणारी ही बाई. नगरपालिकेचं माणूस यायचं आणि नवऱ्याच्या, लेनच्या पलंगामागे कमरेइतकी काळी बुरशी दिसायची, हे तिला कुठलं खपायला? ब्लीचने भिंत खरवडून वर तिने रंगाचे दोन हात मारले होते. आपण दाखवायची गोष्टच पुसून बसलो, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

घरमालक ऑर्मरॉड खिडकीशी खुशीत उभा होता. गल्लीत नवा नियम आला होता. तपासणीत पास झालं तरच घर भाड्याने द्यायचा परवाना.

"ओल घराची नाही हो बाई, राहणाऱ्यांची," तो म्हणाला. "कपडे घरात वाळत घालतात. किटली सदा उकळती. वाफ जाणार कुठे?"

अकरा वर्षं ब्रेंडा हेच ऐकत आली होती, आणि तिने ते खरं मानलं होतं. जानेवारीतही ती खिडकी उघडी ठेवून कुडकुडत झोपे. कपडे नाक्यावरच्या लाँड्रीत नेई. चहा दिवसाला दोनच कप. बुरशी काही हटली नाही. लेनची छाती मात्र धरली ती धरलीच. आता तो इस्पितळात होता आणि या खोलीत त्याला परत पाठवायला डॉक्टर तयार नव्हते.

इन्स्पेक्टरबाईंनी हातातलं ओल मोजायचं यंत्र बंद केलं. "ओल्या रंगावर हे खरं सांगत नाही. मिस्टर ऑर्मरॉड, शेजारचं बारा नंबरही तुमचंच ना? ते बघू."

"दोन वर्षं बंद आहे ते. किल्ली नेमकी ऑफिसात राहिली. पुढच्या आठवड्यात या की."

ब्रेंडाने फडताळाकडे पाहिलं. त्या गल्लीत प्रत्येकाची जादा किल्ली शेजारच्या घरी असते. बारा नंबरच्या आयव्हीने वृद्धाश्रमात जाताना तिची परत मागितलीच नव्हती. ती बिस्किटांच्या डब्यात होती. पण घर आपलं नाही म्हणून ब्रेंडाने एकदाही तिथे पाऊल टाकलं नव्हतं. तिथली भिंत कोरडी निघाली तर? मग लेन आपल्यामुळेच आजारी पडला, हे कायमचं ठरणार होतं. शिवाय मालकाचा राग पदरात.

तिला लेनचा खोकला आठवला. तिने जाऊन डबा उघडला.

"माझ्याकडे आहे किल्ली."

"ब्रेंडा, तुला कोणी सांगितल्यात या नसत्या उठाठेवी?" ऑर्मरॉडचा चेहरा उतरला होता.

"आयव्हीने सांभाळायला दिली होती. सांभाळली."

आता इन्स्पेक्टरबाईंसमोर नाही म्हणायची त्याची सोय नव्हती. तिघं बारा नंबरमध्ये शिरली. वीज तोडलेली होती आणि नळ कोरडे. पुढच्या खोलीत त्याच भिंतीची दुसरी बाजू जमिनीपासून कमरेपर्यंत काळी पडली होती. ब्रेंडाची बुरशी जेवढी चढायची, बरोबर तेवढी. यंत्र टेकवताच ते किंचाळायला लागलं.

"मिस्टर ऑर्मरॉड," इन्स्पेक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, "दोन वर्षं इथे किटली कोण उकळत होतं?"

ऑर्मरॉड दाराकडे सरकला.

"ही भिंत दोन्ही बाजूंनी मुळापासून दुरुस्त करा. तोवर परवाना नाही. आणि तोवर मिस्टर होल्डनना कोरड्या खोलीत ठेवायची सोय आम्ही बघतो."

ब्रेंडाने डोळे पुसले. अकरा वर्षांची लाज अशी एका क्षणात उतरेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"चला बाई, चहा टाकते," ती म्हणाली. "माझा आजचा तिसरा."