जूलीची सहा पिल्लं

जूलीने पाण्याच्या भांड्यात तोंड बुडवलं, पण घोट घशाखाली गेला नाही. पाणी लाळेच्या तारेसकट बाहेर सांडलं. खालचा जबडा तसाच लोंबत राहिला. ती भुंकायला गेली तर भलताच घोगरा आवाज निघाला.

दुर्गेश्वरी बिसेन दोन पावलं मागे सरकली. हाड अडकलं असेल म्हणून तिने मघाशीच जूलीच्या तोंडात मनगटापर्यंत हात घालून पाहिलं होतं. हाड नव्हतं.

पुढच्या ओसरीत कामठ्याचे चंद्रकुमार पटले बायको-मुलीला घेऊन पिल्लू न्यायला आले होते. त्यांची सहा वर्षांची मुलगी भूमिका पिल्लाला मांडीवर घेऊन बसली होती, आणि पिल्लू तिचा गाल चाटत होतं. तासाभरापूर्वी त्याच पिल्लाला जूलीने कानापासून शेपटीपर्यंत चाटून काढलं होतं.

फुलचूरला राहून दुर्गेश्वरी आठ वर्षं लॅब्रेडॉरची पिल्लं वाढवत होती. जूलीचं पोट दिसायला लागलं तेव्हाच तिने सुताराकडून नवी पेटी करून घेतली. आईच्या अंगाखाली पिल्लू चिरडू नये म्हणून आतून चारी बाजूंना पट्ट्या ठोकल्या. बाळंतपणाच्या वेळी ती पेटीजवळून हलली नाही. सात पिल्लं झाली. एक तिसऱ्या दिवशी गेलं. बाकीच्या सहांच्या गळ्यात तिने सहा रंगांचे दोरे बांधले, किराण्याच्या काट्यावर रोज त्यांचं वजन केलं, डोळे उघडल्यावर बोटाने तांदळाची पेज चाटवली. पिल्लू कोणाला द्यायचं हे तीच ठरवायची. राइस मिलच्या गच्चीवर साखळीने बांधणार म्हणणाऱ्या एकाला तिने दारातूनच परत पाठवलं होतं.

एवढं सगळं केलं, पण एक गोष्ट केली नव्हती.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात जूली गाभण असताना एक भटका कुत्रा मागच्या फाटकातून आत घुसला होता. आरडाओरडा ऐकून दुर्गेश्वरी गच्चीवरून धावत खाली आली, तोवर तिच्या नवऱ्याने, हेमेंद्रने, काठी घेऊन त्याला हाकललं होतं. जूलीच्या मानेवर दातांचे दोन व्रण होते. तिला त्या वर्षीची रेबीजची सुई अजून द्यायची होती. दुर्गेश्वरीने रिक्षा बोलवायला फोन उचलला, तर हेमेंद्रने तो हातातून काढून घेतला.

"दवाखान्यात नेलं तं गावभर होते. मंग कोणी पिल्लू नेत नाही. काही नाही झालं, धुऊन टाक."

तिने साबणाने जखम धुतली, हळद भरली. दोन दिवसांनी तो कुत्रा नाल्याजवळ मरून पडल्याचं दूधवाल्याने सांगितलं. दुर्गेश्वरीने जखमेवर पुन्हा हळद भरली. जखम भरली, पिल्लं झाली, पंचेचाळीस दिवस उलटले. तीन पिल्लं तीन घरी गेली. आज चौथं जाणार होतं.

हेमेंद्र मागच्या दारात येऊन उभा राहिला.

"काऊन थांबली? लोकं बसून राहिले ना. दिऊन टाक."

"जूलीकडे पाहा तं एकदा."

त्याने पाहिलं नाही. "उन्हानं झालं असंल. तू बोलू नोको काही."

दुर्गेश्वरीने जूलीच्या खोलीला बाहेरून कडी घातली. ओसरीत आली. भूमिका पिल्लाच्या कानात त्याचं नवं नाव सांगत होती. दुर्गेश्वरी खाली वाकली आणि तिने पिल्लू तिच्या मांडीवरून उचलून घेतलं. पोरगी आधी हसली, मग तिने भोकाड पसरलं.

"वहिनी, हे काय?" चंद्रकुमार उठले.

"भाऊजी, पोरीचं तोंड साबणानं धुवा, लगेच. आनं सरकारी दवाखान्यात चला." तिने पिल्लू मुलीपासून लांब धरलं. "जूलीले पिसाळलेला कुत्रा चावला होता. आमी लपवलं."

चंद्रकुमारांची बायको जे बोलली ते दुर्गेश्वरीने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग उरलेल्या तिन्ही घरी फोन केले. एकाने शिव्या दिल्या. एक बाई नुसतीच रडत राहिली.

जूली तिसऱ्या दिवशी गेली. नागपूरहून अहवाल आला. शंकेला जागा उरली नाही. दिलेली तिन्ही पिल्लं परत आली होती. सहाही धडधाकट होती, उड्या मारत होती. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, यांना ठेवता येणार नाही. त्यांनी शेवटची सुई दिली तेव्हा हातमोजे घालून दुर्गेश्वरीने एकेकाला मांडीवर धरलं.

सरकारी दवाखान्यात चारही घरची माणसं पुढच्या सुईसाठी रांगेत होती. तिच्याशी कोणी बोललं नाही. भूमिकाने तेवढं एकदा वळून पाहिलं. पहिल्या सुईने दुर्गेश्वरीचा दंड सुजला होता. तिच्यामागे हेमेंद्र उभा होता. पहिल्या सुईला तो आला नव्हता. मी जूलीच्या जवळपासही गेलो नाही, असं घरी सांगून मोकळा झाला होता. आज का कोण जाणे, न बोलावता आला होता.

डॉक्टरांनी कागदावरून डोळे न उचलता हेमेंद्रला विचारलं, "तुम्हाला कुठं लागलं? केव्हा?"

तो एक पाऊल पुढे आला. मग त्याने वाकून पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली. पोटरीवर दातांचे चार व्रण होते, जुने, वाळलेले.

"अडीच महिने झाले," तो बायकोकडे न पाहता म्हणाला. "जूली तं मले वाचवाले मधात आली होती."