तू जातोस, आपण जाऊ

बटणांच्या डब्यात शिंप्याला एक कागद सापडला. अक्षर बायकोचं.

'बोय – मी जाते. बास – तू जातोस. बामोस – आपण जाऊ.'

यातला 'बास' तेवढा त्याला ओळखीचा वाटला, आणि तो अजिबात आवडला नाही.

समोर नवा स्पॅनिश भाडेकरू आल्यापासून बायको मोबाइलवर ती भाषा शिकत होती. गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलता यायला नकोत का, असं तिचं म्हणणं. पण त्याला कंबर, लांबी, शनिवार एवढं पुरे. 'आपण जाऊ' कशाला? आणि नवऱ्याला सव्वीस वर्षं अहो-जाहो, इथे मात्र सरळ 'तू'. त्या माणसाची एकच पँट दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आली होती, कधी कंबरेत आत घ्यायला, कधी सैल करायला.

शिंप्याने वरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं, आहेस का?"

"बोय," वरून आवाज आला.

डबा हातातून निसटला. बायको जिना उतरून आली, तेव्हा तो गुडघ्यांवर बसून बटणं वेचत होता.

"कुठे चाललीस?"

"कुठे म्हणजे? तुम्हीच हाक मारलीत ना?" तिची नजर कागदावर गेली आणि तिला हसू फुटलं. "अहो, क्रियापद आहे ते. भारी आडमुठं. मूळ शब्द 'ईर', आणि इथे एकाही रूपात त्याचा मागमूस नाही. घोकल्याशिवाय सुटका नाही. आणि हाक मारली की त्यांच्यात 'आले' म्हणत नाहीत, 'जाते' म्हणतात."

"म्हणजे जाते म्हणायचं आणि यायचं?"

"मग? आपण नाही का जाताना 'येते' म्हणत?"

शिंप्याला हायसं वाटलं. थोडी लाजही वाटली. त्या लाजेपोटीच त्याने ती पँट कागदात गुंडाळली आणि म्हणाला, "तूच देऊन ये."

तिने आरशात बघून केस सारखे केले, पुडकं उचललं. दारात क्षणभर थांबली. सव्वीस वर्षं त्या दारातून ती 'येते' म्हणूनच बाहेर पडली होती.

"जाते," ती म्हणाली.

हे कुठल्या भाषेतलं, ते विचारायला त्याने मान वर केली, तोवर दार लागलं होतं.