उतारावरची दाढी

नदी पायी ओलांडता येई त्या उतारावर अल्स्टर राज्याचा एक वीर एकटाच वाट अडवून उभा होता; तो रोज चालून आलेल्या कॉनॉटच्या सैन्यातला एक गडी लढायला मागायचा आणि रोज त्या गड्याची ढाल तेवढी वाहत परत यायची. आज पाळी लोनानची होती. त्याने धाकट्या भावाकडून वीस वर्षांची दाढी भादरून घेतली.

"दाढीवाला बिनदाढीच्या पोरावर शस्त्र उचलत नाही. रीत आहे ती," तो मान वळवत म्हणाला.

"हलू नकोस, नाहीतर मीच गळा कापीन. आणि वहिनी ओळखणार नाही हं तुला."

"जिवंत गेलो तर ओळख पटवीन!"

कमरेएवढ्या पाण्यातून लोनान ओरडला, "मला दाढी नाही! आपली लढाई रीतीत बसत नाही!"

वीराने आपल्या काळ्याभोर दाढीवर हात फिरवला. मग ती अख्खी दाढी उपटून पाण्यात टाकली. काजळी फासलेल्या गवताची होती, चिकाने चिकटवलेली. आत सतरा वर्षांची गुळगुळीत हनुवटी होती.

"सुटलो बुवा," भाला उचलत तो म्हणाला. "तुम्ही दाढीवाले माझ्याशी लढायलाच तयार होईनात, म्हणून लावली होती. काय खाज सुटते! चला दादा, आता आपण बरोबरीचे."