अंबूबाईंचं वर्षाचं वचन

“हे वचन कुणाला दिलंय, ते आज क्रांतीताई सांगतील,” पाळकसाहेब म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले. क्रांतीकडे बघणं त्यांनी टाळलं.

अंबूबाईंच्या घरी बुधवारची प्रार्थना भरली होती. सांगलीतल्या त्या गल्लीतली ख्रिस्ती मंडळीची सात-आठ माणसं सतरंजीवर बसली होती. दोन महिने पाळकसाहेब एकच गोष्ट शिकवत होते, बायबलातला भविष्यवाद, म्हणजे संदेष्ट्यांचं बोलणं, वाचायचा कसा. कोण बोललं, कुणाला बोललं, तेव्हा काय चाललं होतं हे आधी विचारा, मग आपल्यापुरतं बघा. घडातलं एक केळं तोडावं तसं वचन तोडू नका, मागचं-पुढचं सगळं वाचा.

आणि अंबूबाईंनी नेमकं केळंच तोडलं होतं. एकतीस डिसेंबरच्या उपासनेत ताटातल्या चिठ्ठ्यांतून प्रत्येकानं एक उचलायची, त्यावर असेल ते त्याचं वर्षाचं वचन. अंबूबाईंना यिर्मया संदेष्ट्याचं आलं. रडणाऱ्या राहेलीला देव सांगतो, तुझी लेकरं शत्रूच्या मुलखातून माघारी येतील. त्यांनी ती चिठ्ठी कपाटाच्या आरशावर चिकटवली. त्यांचा मुलगा जयराज, म्हणजे क्रांतीचा नवरा, आठ वर्षांपूर्वी हळदीचा ट्रक घेऊन गेला तो गेलाच. ट्रक सापडला, माणूस सापडला नाही. आता तर तो मेला असं धरून चाला, असं कोर्टानंही सांगितलं होतं. पण कोर्टानं काही त्याला जन्म दिला नव्हता.

इकडे फलटणच्या मंडळीतल्या वीरधवलनं क्रांतीला मागणी घातली होती. बायको वारलेला, कमी बोलणारा माणूस. क्रांतीला तो आवडला होता. खरं सांगायचं तर कितीतरी दिवसांनी तिला पुढच्या वर्षाचा विचार करावासा वाटत होता. रविवारी त्याला उत्तर द्यायचं होतं. अंबूबाईंनी नाही म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “जा बाई. पर त्यो आल्यावर मी काय सांगू त्याला?” धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी क्रांतीची गत झाली. जयराज गेला तेव्हा माहेरच्यांनी हात वर केले होते, आणि याच बाईनं तिला पोटाशी धरलं होतं.

म्हणून पाळकसाहेबांनी आज हा अध्याय काढला. माणूस भला, पण आईला तोंडावर सांगायची वेळ आली तशी त्यांनी सुनेच्या खांद्यावर बंदूक ठेवली.

क्रांतीनं अख्खा अध्याय वाचला. मग पुस्तक मिटून बोलायला लागली.

“यिर्मयाच्या वेळी शत्रू आला आन माणसं धरून बाबेलला घेऊन गेला. मागं आया रडत राहिल्या. राहेल म्हंजी त्या सगळ्या आया. त्यांना देवानं सांगितलं, लेकरं माघारी येतील.”

“म्हंजी ते मला न्हाई?” अंबूबाईंनी विचारलं.



“एका घराचं न्हाई ते, आत्या. अख्ख्या लोकांचं हाय.” आपण हे जरा घाईनं बोललो, असं क्रांतीला वाटलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

अंबूबाईंनी मान डोलावली. राग नाही, रडू नाही. “बरं केलंस सांगितलंस. मला अडाणीला कोण सांगतंय. मग आली का ती?”

“कोण?”

“त्या बायांची लेकरं. देव म्हणला तशी.”

इथं थांबता आलं असतं. पण अर्धं वाचायचं नाही, हेच तर दोन महिने शिकवलं होतं.

“आली, पर लगीच न्हाई. सत्तर वर्सं लागली. रडणाऱ्या आया तवर गेल्या हुत्या. नातवंडं, पतवंडं माघारी आली.”

पाळकसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. क्रांतीनं सासूकडे बघितलं. अंबूबाईंचे ताठलेले खांदे हळूहळू सैल पडत होते, आणि क्रांतीला वाटलं, सुटलो. आपण दोघीही सुटलो. रविवारची फलटणची बस तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

“सत्तर,” अंबूबाई म्हणाल्या. “आवं पाळकसाहेब, हे आधी सांगायचं की. मी उगंच जीव टांगून बसले हुते. आमची तर आठच झाल्याती.”

मागून कुणीतरी आमेन म्हणालं.

अंबूबाई क्रांतीजवळ सरकल्या. त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मांडीवर ठेवून थोपटला. इतकं निवांत हसलेलं त्यांना कित्येक वर्षांत कुणी बघितलं नव्हतं.

“आन मी तवर न्हाई राहिले तरी काय झालं,” त्या म्हणाल्या. “तू हायेस की घरात, दार उघडाया.”