अजीजाबीचं छप्पर

"शेजार बदला साहेब. न्हायतर आमी चिंचंखालीच बरे हाव," म्हणून चन्नबसप्पा जो खाली बसला, तो उठेना.

महसूल खात्याचा गिरदावर गफार माळावर चुन्यानं आखलेल्या रेघांकडं बघत राहिला. तेरणेच्या पुरानं वाकडगाव धुऊन नेलं होतं. बरीचशी माणसं वाचली, घरं मात्र सगळी गेली. उस्मानाबादहून सरकारी बांबू आणि छपरावर घालायचे शिंदीचे फडे गाड्यांवर लादून गफार त्याच सकाळी घोड्यावरून पुढं आला होता; गाड्या मागाहून पोचल्या होत्या. परतीच्या पावसाआधी छपरं उभी राहिली पाहिजेत, नाहीतर लोक पांगतील, आणि पांगलेलं गाव पुन्हा गोळा होत नाही, असं तहसीलदारांनी त्याला बजावून पाठवलं होतं.

त्यानं पलटणीसारख्या सरळ ओळी आखल्या. पण जो तो आपली जुनी गल्ली मागू लागला. चन्नबसप्पाला गोरोबा कुंभाराच्या आव्याचा धूर नको होता. आवा पुरात गेला होता, तरी धूर नको होता. गोरोबाला चन्नबसप्पाच्या म्हशी नको होत्या.

"पाटील, तुम्ही तरी सांगा," गफार म्हणाला.

महालिंगप्पा पाटलानं मान दुसरीकडं वळवली. दोघंही त्याच्याच गावचे.

तेवढ्यात बांबूच्या गाडीच्या सावलीत बसलेली एक म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली.

"त्या झाडाखाली बाळंतीण हाय," ती म्हणाली. "लेकरू वल्यात पडलंय. आधी तिच्यावर छप्पर घाला, मग बसा भांडत."

आणि तिनं स्वतःच एका बांबूचं टोक धरलं. पाटील लगबगीनं पुढं झाला.

"तुमी कशाला, अम्मा? आमी हाव की!"

चन्नबसप्पाही उठला. दुसरं टोक गोरोबानं उचललं. दिवस मावळायच्या आत पहिलं छप्पर उभं राहिलं. शेजाराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

गफार थक्क झाला. सरकारी हुकमानं जे झालं नाही, ते म्हातारीच्या एका शब्दानं झालं होतं. या गावात हिचा शब्द चालतो, हे त्यानं ओळखलं. लोक पांगल्यावर तो तिच्यापाशी गेला.

"अम्मा, नाव काय तुमचं?"

"अजीजाबी."

"घरचं कोण आहे?"

"कुणी न्हाय बेटा आता."

गफारनं नदीकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. तिचं छप्पर त्यानं आपल्या रावटीला लागून घातलं. एरवी हातभर जागेवरून हमरीतुमरीवर येणारं गाव त्यावर चकार शब्द बोललं नाही. उलट पाटलानं चांगले फडे निवडून तिकडं पाठवले.

पाऊस आला, छपरांनी तो झेलला. सरकारी ज्वारी आली की अजीजाबी पोत्याशेजारी बसायची. "आधी लेकुरवाळ्या," म्हणायची. मापावरून भांडण झालं नाही. कुणाची म्हैस व्याली की खरवसाची पहिली वाटी तिच्याकडं जायची. गफारला हे बघून बरं वाटे. गाव भांडकुदळ खरं, पण जुन्या माणसाला मानतं.

थंडीत त्याला हिवताप भरला. अजीजाबी उशाशी बसून कपाळावर ओली पट्टी ठेवायची. उठून बसला तेव्हा तिनं ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून दिली.

"समदं संपव. ताटात टाकायचं न्हाय."

भूमच्या घरी असं दटावणारी त्याची आई तो शाळेत असतानाच वारली होती. त्यानं मुकाट्यानं ताट पुसून खाल्लं.

उन्हाळा लागला. वरच्या टेकाडावर नवं गावठाण मंजूर झालं. घरं उभी राहिली की छपरं मोडायची आणि बांबू परत न्यायचे, असा हुकूम होता. गफारची बदलीही आली. जायच्या दिवशी पाटलानं त्याला गावठाण दाखवायला नेलं. खुंट्या ठोकून जागा पाडल्या होत्या. ही चन्नबसप्पाची, ही गोरोबाची, आणि दोघांनीच मागून घेतलं म्हणून मधली भिंत एकच. सगळं गावठाण फिरून झालं.

"अजीजाबींची जागा कुठली?" गफारनं विचारलं.

"त्यांची?" पाटील थबकला. "त्यांची कशाला?"

गफारचं डोकं भडकलं.

"कशाला? जिच्यामुळं तुमचं गाव एकत्र राहिलं, तिलाच उघड्यावर टाकता? छप्पर मोडल्यावर त्या म्हातारीनं जायचं कुठं?"

पाटलानं गोंधळून खाली बोट दाखवलं. खाली माळावर रावटीपुढं बसून अजीजाबी गफारचं सामान बांधत होती.

"तुमच्यासंगं," पाटील चाचरत म्हणाला. "साहेब, त्या आमच्या गावच्या न्हाईत. तुमच्या गाड्यांबरोबर आल्या. आमी तर आजवर त्यांना तुमची आई समजून मानत आलो."