एक बाही आत

तीन घरांत बायकांचे खून झाले आणि प्रत्येक घरात खुनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालून गेला. एक बाही आत, एक बाहेर. शिक्षा माझ्या दादाला झाली.

"अहो, त्याने उभ्या जन्मात रुमालाची घडी घातली नाही!" आई वकीलकाकांना सांगायची.

"पण खुनी घड्या घालतो कशाला? पश्चात्ताप?" काका विचारायचे.

"मदत म्हणून," मी म्हणायचे. "दमलीय बिचारी, असं वाटत असेल त्याला."

आज दुपारी बाळाला निजवून मी अंघोळ करून आले. पलंगावर झबल्यांच्या घड्या होत्या. एक बाही आत, एक बाहेर.

आनंदाने रडतच मी फोन लावला. "काका, दादा सुटणार!"

"आधी दार बघ गं!"

कडी मी आतून लावली होती. ती तशीच होती.